शिव्हलरीचा दाखला देण्यापूर्वी

स्त्रीदाक्षिण्याचा वाद आपल्याकडे थोड्या थोड्या दिवसांनी नव्यानं पेटतो. बसमध्ये बाईला जागा द्यावी का, पहिल्या भेटीचं बिल पुरुषानंच भरावं का, समान हक्क मागणाऱ्यांनी सवलती घ्याव्यात का, असे प्रश्न निघतात आणि लवकरच मध्ययुगीन युरोपातला नाइट, म्हणजे घोडेस्वार सरदार-योद्धा, साक्षीला उभा केला जातो. एक बाजू म्हणते, त्या काळी शिव्हलरी होती. पुरुष गुडघा टेकून प्रेम मागत, बाईच्या अब्रूसाठी तलवार उपसत, आणि ते सगळं आपण घालवून बसलो. दुसरी बाजू म्हणते, बाईला देव्हाऱ्यात बसवून बाहेरून कडी घालण्याचाच तो उद्योग होता, त्यात जपण्यासारखं काही नाही. एका गोष्टीवर मात्र दोघांचं न बोलता एकमत आहे: शिव्हलरी म्हणजे पुरुषांनी बायकांशी कसं वागावं याचे नियम. हे गृहीतकच चुकीचं आहे आणि त्यामुळे पुढचा सगळा वाद वाया जातो. शिव्हलरी ही घोड्यावरून लढणाऱ्या सरदारांची आपसातली व्यावसायिक रीत होती. दरबारी प्रेम, म्हणजे सरदारस्त्रीचा चाकर होऊन केलेली तिची आराधना, ही कवितेतली अत्यंत कसदार परंपरा होती आणि तिच्याआत जोरदार भांडणं चालू होती. त्या काळातल्या बायकांना जे थोडंफार संरक्षण मिळालं, ते बहुतांशी तिसऱ्याच जागेवरून आलं: कायद्यातून, लेखी कलमांतून.

आधी घोड्यापासून सुरुवात करू. अकराव्या-बाराव्या शतकात युद्धाचा घोडा, साखळ्यांचं चिलखत, भाला, तलवार आणि हाताखालचा पोऱ्या एवढा सरंजाम पाळायचा तर जमीन लागे किंवा आश्रयदाता लागे. ज्याच्याकडे जमीन नव्हती तो टूर्नामेंटमध्ये उतरे. चित्रपटांत दिसते ती कुंपणाआड दोघांची भाल्यांची टक्कर बरीच नंतरची. बाराव्या शतकातली टूर्नामेंट म्हणजे दोन गावांमधल्या मोकळ्या रानात शेकडो घोडेस्वारांची दिवसभर चालणारी झुंबड. प्रतिस्पर्ध्याच्या घोड्याचा लगाम पकडायचा, त्याला आपल्या हद्दीत ओढत न्यायचं आणि घोडा, चिलखत व खंडणीचा शब्द घेऊन सोडायचं. विल्यम मार्शल हा त्या शतकातला सर्वांत नावाजलेला नाइट. त्यानं रॉजर द गोजी नावाच्या साथीदाराबरोबर चक्क भागीदारी केली आणि पेंटेकॉस्टच्या (ईस्टरनंतरच्या) सणापासून पुढच्या लेंटपर्यंत (ईस्टरआधीच्या उपवासांपर्यंत) दोघांनी मिळून १०३ नाइट पकडले. ही संख्या आपल्याला माहीत आहे, कारण मार्शल ज्याच्या चाकरीत होता त्या राजपुत्राच्या मुदपाकखान्याच्या कारकुनानं हिशेब ठेवला होता. पकडलेल्याला मारायचं नाही, दिलेला शब्द पाळायचा, मिळालेलं उधळून वाटायचं, हे गुण या धंद्याला आवश्यकच होते. खंडणीचा शब्द मोडणाऱ्याला दुसऱ्यांदा कोण जिवंत सोडणार?

या रीतीची हद्दही त्याच हिशेबानं ठरत होती. १३५६ मध्ये प्वातियेच्या लढाईत इंग्लंडच्या युवराजानं फ्रान्सचा राजा जाँ दुसरा याला कैद केलं. त्या रात्री युवराजानं स्वतः उभं राहून कैदी राजाला जेवण वाढलं, अशी हकिकत फ्र्वासार या बखरकारानं लिहिली आहे आणि शिव्हलरीचा परमोच्च क्षण म्हणून ती आजही सांगितली जाते. पुढे राजाची खंडणी तीस लाख सोन्याचे एक्यू ठरली. त्याच युवराजानं आदल्याच वर्षी, १३५५ च्या ऑक्टोबरापासून दोन महिने, बोर्दोहून नारबोनपर्यंत जाऊन परत येताना वाटेतली गावं पद्धतशीर जाळली होती. त्या गावांतल्या शेतकऱ्यांची आणि त्यांच्या बायकांची खंडणी कोण भरणार होतं? त्याला त्या काळच्या सरदारवर्गात कुणी शिव्हलरीचा भंग मानलं नाही, कारण जळालेली माणसं त्या रीतीच्या आत कधी नव्हतीच. उलट बाजूनंही हेच दिसतं. १३०२ मध्ये कोर्ट्रायला फ्लेमिश विणकर आणि कारागिरांच्या पायदळानं फ्रेंच सरदारांना हरवलं तेव्हा त्यांनी कैदी घेतले नाहीत. मेलेल्यांचे सोनेरी आर काढून चर्चमध्ये टांगले. खंडणीच्या व्यवहारात ज्यांना कधी जागाच नव्हती, त्यांनी त्याचे नियम का पाळावेत?

मग बाईला जपणाऱ्या नाइटांची आचारसंहिता कुठून आली? दहा आज्ञांची जी यादी समाजमाध्यमांवर फिरते ती मध्ययुगीन नाही. लेओं गोत्ये या फ्रेंच विद्वानानं जुन्या वीरकाव्यांचा अर्क म्हणून ती १८८० च्या दशकात स्वतः रचली. प्रशियाकडून झालेल्या १८७०-७१ च्या पराभवानं खचलेल्या फ्रान्सला मर्दानी ख्रिस्ती पूर्वज हवे होते आणि ते त्यानं पुरवले. त्या दहांत चर्च आहे, देश आहे, काफरांशी अखंड युद्ध आहे, दुर्बळांचं रक्षण आहे. पण प्रेयसी कुठेच नाही. ‘दरबारी प्रेम’ ही संज्ञाही १८८३ मध्ये गास्तों पारी यानं लान्सलॉट या आर्थर राजाच्या नाइटावरच्या काव्यावर लिहिताना रूढ केली. स्त्रियांनी भरवलेल्या ‘प्रेमाच्या न्यायालयां’ची कथा आणखी गंमतीदार वाटेनं आपल्यापर्यंत आली. तेराव्या शतकात त्रुबादूर, म्हणजे दक्षिण फ्रान्समधल्या ओक्सितान भाषेत गाणी रचणाऱ्या, कवींची छोटी चरित्रं लिहिली गेली. लेखकांकडे माहिती नसे, तेव्हा कवितेतल्या ओळीच आयुष्यातल्या घटना म्हणून त्यांत बसवल्या जात. १५७५ मध्ये जेआन द नोस्त्रदाम यानं (भविष्यवेत्त्या नोस्त्रादामसचा हा भाऊ) त्यांवर पदरचं बरंच रचून घातलं आणि न्यायाधीश म्हणून बसणाऱ्या सरदारस्त्रियांच्या नावनिशीवार याद्या छापल्या. एकोणिसाव्या शतकानं तेच इतिहास म्हणून उचललं.

या न्यायालयांचा मूळ आधार तेवढा एकच: आंद्रेआस कापेलानुस याचा ११८५ च्या आसपासचा लॅटिन ग्रंथ. त्यात अॅक्वितेनची राणी एलिनॉर, तिची मुलगी शांपान्यची मारी आणि इतर सरदारस्त्रियांच्या तोंडी २१ निवाडे आहेत. नवराबायकोत खरं प्रेम असू शकत नाही असा निर्वाळा देणारं मारीचं पत्र १ मे ११७४ या तारखेचं दाखवलं आहे. त्या दिवशी एलिनॉर कुठे होती? मुलांच्या बंडाला साथ दिल्याबद्दल तिच्याच नवऱ्यानं, दुसऱ्या हेन्रीनं, ११७३ मध्ये तिला पकडलं होतं आणि ११८९ मध्ये तो मरेपर्यंत ती कैदेत राहिली. युरोपातली सर्वांत श्रीमंत वारसदार बाई जवळजवळ १६ वर्षं कोंडली गेली आणि एकाही नाइटानं तिला सोडवलं नाही. शिव्हलरीच्या गौरवगाथा लिहिणाऱ्यांनी एवढ्या एका गोष्टीचा तरी विचार करावा.

इथे दुसऱ्या बाजूला वाटेल की निकाल तिच्या बाजूनं लागला. तिचे मुद्दे खरोखरच भक्कम आहेत. इतिहासकार जॉर्ज द्युबी यानं दाखवलं की वडिलोपार्जित जमीन थोरल्याकडे जाऊ लागल्यावर धाकट्या, अविवाहित तरुणांचे घोळके मोठ्या सरदारांच्या वाड्यांवर पडून असत. त्यांना धनिणीभोवती फिरायला लावणं, गाणी रचायला लावणं, संयम शिकवणं हा धन्याच्या दृष्टीनं त्यांना ताब्यात ठेवण्याचा उपाय होता. खेळ पुरुषापुरुषांतला होता, बाई त्यातली सोंगटी. क्रेतियाँ द त्र्वा या बाराव्या शतकातल्या फ्रेंच कवीनं मारीच्या सांगण्यावरून लिहिलेल्या लान्सलॉटच्या काव्यात लोग्रेच्या, म्हणजे आर्थरच्या, राज्याचा रिवाज दिला आहे: एकटी मुलगी भेटली तर नाइटानं तिला हात लावू नये, लावला तर त्याची बेअब्रू, पण तिच्यासोबत दुसरा नाइट असेल आणि त्याला लढून हरवलं, तर तिच्याशी हवं ते करावं, लाज नाही की दोष नाही. बाईचं रक्षण करणारा नियम आणि तिला जिंकलेला माल ठरवणारा नियम एकाच वाक्यात आहेत. आंद्रेआस तर शेतकरी बायकांबद्दल सरळ सांगतो की सोयीची जागा पाहा आणि थोडी बळजबरी करायला कचरू नका. तो गंभीरपणे लिहितो आहे की उपहासानं, यावर अभ्यासक अजून भांडतात. पण उपहास असला तरी ज्या श्रोत्यांना तो कळला, त्यांना हा व्यवहार ओळखीचाच असणार. हे सगळं मला मान्य आहे.

मान्य नाही तो पुढचा निष्कर्ष, की म्हणून हे साहित्य म्हणजे एक लबाडी आहे आणि त्यात बाईचा आवाजच नाही. कवितेतला संकेत म्हणजे समाजाची वस्तुस्थिती नव्हे, हे मराठी वाचकाला पटवून द्यायची गरज पडू नये. सातवाहन हालाच्या नावावर असलेल्या गाथासप्तशतीत परपुरुषाला भेटायला शेताबांधावर आणि गोदेकाठी जाणाऱ्या विवाहित बायका जागोजागी भेटतात. आपल्या काव्यशास्त्रानं त्यांना परकीया नायिका म्हणून वर्गवारीत जागा दिली. त्यावरून गोदाकाठच्या गावांत व्यभिचाराला मान होता असं कुणी म्हणत नाही आणि त्या गाथा खोट्या म्हणून टाकूनही देत नाही. ओक्सितान भाषेतली गाणी याच रीतीनं वाचली पाहिजेत. रचना पाहा: पाच ते सात कडवी, पुष्कळदा सगळ्या कडव्यांना त्याच त्या यमकांची साखळी, शेवटी तोर्नादा नावाचं अर्धं कडवं आणि त्यात प्रेयसीचं सांकेतिक नाव. तिला उद्देशून वापरलेले शब्द मालकाला उद्देशून वापरायचे. कपट करणारे चुगलखोर आणि मत्सरी नवरा ही पात्रं ठरलेली. एवढ्या बांधलेल्या सांगाड्यात कवीचं खरं प्रकरण शोधत बसणं व्यर्थ आहे. त्यात सापडतो तो युक्तिवाद.

आणि तो युक्तिवाद एकतर्फी नाही. सुमारे २० त्रुबादूर कवयित्रींची नावं आपल्याला माहीत आहेत. दियाची सरदारीण एका गाण्यात उघड म्हणते की आपल्या नाइटाला नवऱ्याच्या जागी मिठीत घ्यावंसं वाटतं. देव्हाऱ्यातली मूर्ती असं बोलत नाही. त्याहून मला महत्त्वाचं वाटतं ते मारिया द व्हेंतादोर्न ही सरदारीण आणि गी द्युसेल हा कवी यांचं सवालजवाबाचं गाणं. प्रश्न असा: बाईनं प्रियकराला स्वीकारल्यावर तो तिच्या बरोबरीचा होतो की सेवकच राहतो? गी म्हणतो, प्रेमात दोघं समान. मारिया म्हणते, मागायला येताना तुम्ही हात जोडून गुडघ्यांवर बसता, आपली चाकरी स्वीकारा म्हणता. चाकर म्हणून आत शिरून मग बरोबरी मागणारा माणूस मला तरी विश्वासघातकीच वाटतो. समानता आणि दाक्षिण्य एकत्र नांदतात का, हा आपला आजचा प्रश्न ८०० वर्षांपूर्वी एका बाईनं यमकात बसवून चारचौघांत मांडला होता, तोही आपल्यापेक्षा नेमकेपणानं: पुरुषाला समानता नक्की कधी आठवते, हे तिनं विचारलं.

क्रेतियाँच्याच दुसऱ्या एका काव्यातली फेनीस ही नायिका इझोल्दसारखं (दंतकथेतली, नवरा एक आणि प्रियकर दुसरा असलेली राणी) वागायला नकार देते. मन एकाला आणि शरीर दोघांना, हे तिला मान्य नाही. ज्याचं हृदय त्याचंच शरीर, असं ती म्हणते. १३७१-७२ मध्ये आँजू प्रांतातल्या ला तूर लांद्री नावाच्या सरदारानं मुलींच्या शिकवणुकीसाठी ग्रंथ लिहिला, त्यात नवराबायकोचा वाद आहे. तो म्हणतो, प्रेमामुळे नाइट शूर होतो, मग मुलींनी थोडं प्रेम करायला काय हरकत? बायको उत्तर देते की ही तुम्हा पुरुषांची बोलायची रीत. बाईसाठी केलं म्हणता ते तुम्ही स्वतःच्या नावासाठीच करता, आणि बदनामी मात्र मुलीच्या वाट्याला येते. द्युबीनं विसाव्या शतकात जे मांडलं त्याचा गाभा या बाईच्या तोंडी चौदाव्या शतकात आहे. तिच्यानंतर तीसेक वर्षांनी क्रिस्तीन द पिझान उभी राहिली. पंचविशीत विधवा, पदरी तीन मुलं आणि म्हातारी आई, नवऱ्याचे थकलेले पैसे मिळवायला पॅरिसच्या न्यायालयांत वर्षानुवर्षं खेटे. ‘गुलाबाची कथा’ या त्या काळच्या सर्वांत गाजलेल्या प्रेमकाव्यातली स्त्रीनिंदा तिनं १४०१-०२ च्या जाहीर पत्रव्यवहारात राजाच्या सचिवांना तोंड देत सोलून काढली. त्याआधीच एका काव्यात तिनं विचारलं होतं: बायका इतक्या चंचल आणि इतक्या सहज फसणाऱ्या असतील, तर त्यांना फसवायला एवढे ग्रंथ, एवढ्या युक्त्या कशाला लागतात? दुबळ्या किल्ल्याला एवढा मोठा वेढा कोण घालतो? हीच क्रिस्तीन १४१० मध्ये शिव्हलरी आणि युद्धकला यांवर पुस्तक लिहिते. हे साहित्य फेकून द्या म्हणणारे या बायकांचा युक्तिवादही त्याबरोबर फेकून देतात.

आता पहिल्या बाजूचा सर्वांत वजनदार मुद्दा. आदर्श पाळला जात नसला तरी तो असणं महत्त्वाचं. त्याच्यामुळे चुकणाऱ्याला लाज वाटते आणि लाजेतूनच सवय लागते. हा मुद्दा मी हलका मानत नाही. चर्चनं ९८९ मध्ये शारूच्या परिषदेपासून ‘देवाची शांतता’ या नावाखाली लुटारू सरदारांना शपथा घ्यायला लावल्या, आणि पुढच्या दोन-तीन शतकांत हिंसेबद्दलची भाषा खरोखर बदलली. मॅलरीच्या आर्थरकथेत गोलमेजाचे नाइट दर पेंटेकॉस्टला शपथ घेतात की स्त्रियांना मदत करू आणि त्यांच्यावर बळजबरी करणार नाही, केल्यास मृत्युदंड. १३९९ च्या सुमारास फ्रान्सचा सेनानी बूसिको यानं जमिनी बळकावल्या गेलेल्या विधवांच्या तक्रारी ऐकून ‘हिरव्या ढालीवरची शुभ्र स्त्री’ नावाचं मंडळ काढलं, त्यांच्या बाजूनं लढण्यासाठी. हेतू प्रामाणिक होता. पण मंडळात नाइट होते १३ आणि मुदत होती पाच वर्षांची. फ्रान्सभरातल्या विधवांनी या तेराजणांपर्यंत पोचायचं कसं?

दाक्षिण्याची अडचण इथेच आहे. देणारा ठरवतो कुणाला द्यायचं, किती दिवस, आणि घेणारी पात्र आहे की नाही. म्हणून ते नेहमी आपल्याच वर्गातल्या बाईपाशी येऊन थांबतं. शिव्हलरीचं आधुनिक उदाहरण म्हणून टायटॅनिकचं नाव घेतात: १९१२, ‘आधी बायका-मुलं’. ब्रिटिश चौकशीचे आकडे पाहा. पहिल्या वर्गातल्या १४४ बायकांपैकी १४० वाचल्या. तिसऱ्या वर्गातल्या १६५ पैकी ७६. होड्या वरच्या डेकवर होत्या आणि तिसऱ्या वर्गाला तिथवर न्यायची व्यवस्था नव्हती. त्या रात्री होडीवर जागा सोडणाऱ्या पुरुषांचं धैर्य खरं होतं, त्याला मी नमस्कारच करेन. पण त्या दुर्घटनेनंतर जे बदललं ते जहाजावरच्या प्रत्येक माणसासाठी होडीत जागा हवी या नियमामुळे. मध्ययुगातल्या सेनापतींनाही हे कळत होतं. १३८५ मध्ये इंग्लंडच्या राजानं स्कॉटलंडवर सैन्य नेताना डरहॅमला लष्करी हुकूम काढले, त्यात बाईवर बळजबरी करणाऱ्याला फाशी सांगितली आहे. सैन्यात नाइट भरपूर होते. त्यांच्या आदर्शावर भिस्त ठेवता आली असती तर फाशीचा उल्लेख करावा लागला नसता.

शेवटी लग्नाचा आणि जमिनीचा प्रश्न, कारण सरदारवर्गातल्या बाईचं आयुष्य त्यावर ठरत होतं. आंद्रेआस प्रेमाचे नियम लिहीत होता त्याच सुमारास, ११८५ मध्ये, दुसऱ्या हेन्रीच्या अधिकाऱ्यांनी १२ परगण्यांतल्या विधवांची आणि पोरक्या मुलामुलींची यादी केली. बाईचं वय, मुलं किती, जमिनीचं उत्पन्न किती, आणखी किती गुरं घातली तर ते किती वाढेल, असा मजकूर. या बायकांचं लग्न लावण्याचा हक्क राजाचा. तो विकता येत होता, बक्षीस देता येत होता. विल्यम मार्शलला ११८९ मध्ये असंच बक्षीस मिळालं: स्ट्रिग्विलची वारसदार इझाबेल द क्लेअर. तो चाळिशी ओलांडलेला, ती सतराच्या आसपास. टूर्नामेंटमधल्या साऱ्या खंडण्यांनी जे दिलं नव्हतं ते या एका लग्नानं दिलं.

ओमालची वारसदार हाविस हिची गोष्ट मला अधिक बोलकी वाटते. पहिला नवरा ११८९ मध्ये वारला. नवा राजा सिंहहृदयी रिचर्ड (एलिनॉरचा मुलगा, मारीचा सावत्र भाऊ, कैदेत असताना तिला उद्देशून सुंदर गाणं रचणारा कवी) यानं हाविसला गिय्योम द फोर्स या आपल्या माणसाला देऊन टाकलं. तिनं नकार दिला. तेव्हा ती ऐकेपर्यंत तिची मालमत्ता जप्त करण्यात आली. तो नवरा मेल्यावर तिसरा आला, मार्शलचाच जुना मित्र. १२१२ मध्ये तोही गेला, तेव्हा हाविसनं राजा जॉनला ५,००० मार्क देऊ केले: आपला वारसा, नवऱ्याच्या जमिनीतला विधवेचा वाटा, आणि पुन्हा लग्नाची सक्ती नको. एक मार्क म्हणजे १३ शिलिंग ४ पेनी. एकूण तीन हजार पौंडांच्या वर रक्कम. त्याच शतकात पुढे वर्षाला २० पौंड उत्पन्न असलेला माणूस नाइट व्हायला पात्र धरला जाई. म्हणजे दीडशेहून अधिक वर्षांच्या नाइटगिरीची किंमत एका बाईनं ‘नाही’ म्हणण्यासाठी कबूल केली. ती हे करू शकली कारण तिच्याकडे तेवढं होतं. बाकीच्यांनी काय केलं असेल?

१२१५ च्या मॅग्ना कार्टातलं (सरदारांनी राजा जॉनकडून मिळवलेल्या हक्कांच्या सनदेतलं) सातवं कलम सांगतं की नवरा वारताच विधवेला तिचा वाटा आणि वारसा काही न भरता मिळावा आणि ४० दिवस तिला घरात राहता यावं. आठवं सांगतं की नवऱ्याशिवाय राहायची इच्छा असेल तोवर कुठल्याही विधवेवर लग्नाची सक्ती करू नये. मात्र धन्याच्या संमतीविना लग्न करणार नाही असा जामीन तिनं द्यावा. या सवलतीला मर्यादा होती, ती फक्त जमीन असलेल्या वर्गासाठी होती, आणि सरदारांनी ती स्वतःच्या आया-बहिणींची मिळकत राजाच्या हातून सोडवायला मागितली होती. तरीही तिच्यात आणि नाइटाच्या शपथेत मोठा फरक होता: ती लिहिलेली होती, नाव न घेता सर्व विधवांना लागू होती आणि न्यायालयात पुढे करता येत होती. १२१६ मध्ये जॉन मेला, नऊ वर्षांचा हेन्री गादीवर आला आणि राज्याचा कारभार वृद्ध विल्यम मार्शलकडे आला. नोव्हेंबरात ब्रिस्टलला त्यानं पोपच्या वकिलासोबत स्वतःची मोहर लावून सनद पुन्हा जारी केली. राजाच्या करवसुलीला लगाम घालणारी कलमं त्यातून गळली; विधवांची राहिली, आणि १२२५ च्या आवृत्तीतही राहिली. तेराव्या शतकातल्या इंग्लंडच्या राजन्यायालयांच्या नोंदी पाहिल्या तर आपल्या वाट्यासाठी सावत्र मुलावर, दिरावर, जमीन विकत घेऊन बसलेल्या शेजाऱ्यावर दावे लावणाऱ्या विधवा पानोपानी भेटतात. काही जिंकतात, काही हरतात, पुष्कळ जणी तडजोड करून निम्म्यावर येतात.